उघड्या तोंडाची बॅग

परभणीकडची थंडी पडली की मला आधी राग येतो, स्वेटर मागून आठवतो. जिंतूरच्या पुढच्या ह्या गावात नांदायला येऊन मला नऊ वर्षं झाली, पण ह्या थंडीशी माझं अजून जमलेलं नाही. माझं माहेर चिपळूणहून आत, डोंगरात. तिकडं थंडी म्हणजे पहाटे गोधडी नाकापर्यंत ओढायला एक निमित्त. ऊन वर आलं की ती आपली निघून जाते, पाहुणीसारखी. इथली थंडी घरचीच आहे. काळ्या रानावरून सरळ चालत येते आणि कुणाला न विचारता आत बसते. रांजणातलं पाणी हाताला चावतं. खोबरेल तेल बाटलीत दगड होतं. माणसं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवतात, भोवती उकिडवी बसतात आणि सगळ्या जगाला अक्कल शिकवतात. शेकोटीपुढं बसलेल्या माणसाला सगळंच माहीत असतं, असा माझा अनुभव आहे.

तूर वाळायला लागली, ज्वारी हुरड्याला आली, कापसाची शेवटची बोंडं बायका बोटं आखडत वेचायला लागल्या, की मला एक बॅग आठवते. यंदा आठवायचीही गरज पडली नाही. बॅगच समोर आली.

माझी नणंद रेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. दिवस भरत आलेत. ती दिवसभर उन्हाच्या तुकड्याबरोबर ओट्यावर सरकत असते आणि मोबाईलमध्ये बघत असते. परवा म्हणाली, "वहिनी, हे बघा. दवाखान्याच्या बॅगंत काय काय ठेवावं, त्याची यादी हाय. बत्तीस वस्तू."

"बत्तीस? मग बॅग न्हाई, ट्रॅक्टर सांग."

"ऐका तर. पहिलं, सुगंधी मेणबत्ती."

मी तूरडाळ निवडत होते. हात थांबला. "कशाला?"

"कळा यायच्या टायमाला मन शांत राहावं म्हणून."

मी त्या खोलीत दोनदा जाऊन आले आहे. तिथं बाईला स्वतःचं नाव धड सांगता येत नाही. ज्या बाईनं ही यादी केली ती बाळंत झाली असेल यावर माझा विश्वास नाही. झाली असेल तर ते बाळंतपण दुसऱ्या कुणाला सांगून करून घेतलं असेल. पुढं होतं, आवडतं पुस्तक. पुढं, हलका मेकअप, कारण पहिला फोटो आयुष्यभर राहतो. आणि सव्विसाव्या नंबरला, नवऱ्यासाठी खाऊ. हे ऐकून मात्र मी डाळीचं सूप खाली ठेवून हसले. नवऱ्यासाठी खाऊ! सहलीला चाललेत का? माझा नवरा पोकलेन चालवतो. कोकणात रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा आमचा डोंगर फोडायला आला आणि जाताना मला घेऊन आला. आमच्या दोन्ही वेळेला तो लांब कुठल्यातरी साईटवर होता. त्यानं बॅगेसाठी काय केलं म्हणाल, तर बॅग आणून दिली. तीही बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली. तिच्यावर फुटलेलं कापसाचं बोंड आहे आणि खाली लिहिलंय, 'भरघोस उत्पन्नाची हमी'.

मोबाईलमधल्या यादीला मी हसले. पण आमच्या घरची यादी तिच्याहून शहाणी आहे, असं कुणी समजू नये.

आमच्या घरची यादी सखूकाकूच्या तोंडात असते. सखूकाकू शेजारच्या. त्यांनी स्वतः पाच बाळंतपणं केली आणि गल्लीतल्या पन्नास बायकांची बिघडवली. त्यांची यादी अशी: एक नारळ, अंगाऱ्याची पुडी, लसणाचा गड्डा, लोखंडाचा खिळा, बाळंतशेपा, ओवा, जुनं धोतर, देवापुढच्या पाण्याचा तांब्या. सगळ्या दुनियेचं सामान त्या बॅगेत असतं. ज्याच्यासाठी एवढा प्रवास चाललाय, त्याची मात्र एक चिंधीही नसते. लेकरू रडल्याशिवाय लेकराचं कापड घरात आणायचं नाही, शिवायचं तर त्याहून नाही. आणि दुसरा नियम ह्याच्याही वरचा. काहीही बांधायचं नाही. गाठ मारायची नाही, कडी लावायची नाही, बॅगेची चेन ओढायची नाही.

"बॅगंचं तोंड बांधलं का बाईची वाट बांधली," असं आत्याबाई म्हणतात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या सासूबाईही हेच म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या कुणी विचारलं नाही, की बाई, वाट बॅगेला असते का.

माझं शिक्षण आठवी. आठवीत शाळा सोडून मी काजू फोडायला जायला लागले. काजूच्या टरफलात तेल असतं, ते बोटांची कातडी खातं. माझ्या बोटांवर अजून काळे डाग आहेत. सांगायचं कारण, मला मोठं काही कळतं असा माझा दावा नाही. पण तेलानं कातडी जाते म्हटल्यावर हाताला राख लावावी, एवढं काजू फोडणाऱ्या पोरींनाही कळायचं. थंडीत उघडं लेकरू गारठतं, एवढं कळायला कितवी पास व्हावं लागतं?

आता मला मागचं सांगायला पाहिजे, नाहीतर माझा राग उगाच वाटेल.

माझं पहिलं लेकरू गेलं. आठव्या महिन्यात झालं आणि एक दिवस राहिलं. मुलगा होता. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं तयार नव्हती. डॉक्टर शिकलेला माणूस, त्याचं कोण ऐकतो? घरी आल्यावर माझ्या पेटीत एक झबलं सापडलं. आमच्या कोकणात सातव्या महिन्यात आजी-आया झबली शिवत बसतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. मीही तसंच सुई-दोरा घेऊन शिवलं होतं. सखूकाकूनं ते झबलं दोन बोटांत धरून गल्लीला दाखवलं. "हे बघा. लेकराच्या आधी लेकराचं कापड. मग लेकरू कसं टिकंल माय?"

फुप्फुसं गेली बाजूला. माझी सुई पकडली गेली.

दुसऱ्या वेळेला दिवस राहिले तेव्हा घरातल्या सगळ्या सुया आत्याबाईंनी उचलून डब्यात घातल्या आणि डबा माळ्यावर टाकला. मला माहेरी जायचं होतं. फोनवर आई म्हणाली, "गो बाय, दोन दिवसांचा पल्ला, डॉक्टर नको म्हनतायत तुला. आनि मी येऊ तर बाबांचा पाय पलास्टरात. मी काय करू गो?" मग तिनं पोस्टानं आपलं जुनं पिवळं लुगडं पाठवलं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. सोबत आमसुलं आणि चिठ्ठी: पोरास गुंडाळ.

त्या लुगड्याचं मी टोपडं शिवलं. आशाताई तपासायला यायच्या, त्यांच्याकडून सुई मागून घेतली. दोन पदर घेतले आणि मध्ये आपल्याच रानातला कापूस भरला, एकेक सरकी बोटानं काढून. काजू फोडलेल्या हाताला सरकी काढणं म्हणजे सणाचं काम. चोरून शिवायचं म्हणून मी गोठ्यात, कालवडीजवळ बसायचे. कालवड मोठ्या समजुतीनं बघायची. त्या घरात त्यावेळी माझ्याकडं तसं बघणारं तेवढं एकच होतं.

टोपडं आणि एक दुपटं मी बॅगेच्या तळाशी, धोतराखाली सरकवून ठेवलं.

पौषातली सकाळ होती. धुकं एवढं, की समोरची तूर दिसत नव्हती. कळा सुरू झाल्या आणि घरात उघडायची घाई उडाली. आत्याबाईंनी माझी वेणी सोडली. पेटीची कडी काढली. धान्याच्या कोठीचं झाकण काढलं. सखूकाकू उंबऱ्यावर उभं राहून ओरडत होत्या, "दावं सोडा, दावं सोडा कालवडीचं!" सोडलं. कालवड शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेली, आणि मला घेऊन जायला जीप काढलेले माझे चुलत दीर भास्करभाऊ आधी तिच्यामागं धावले. एक बाई कळा देत ओट्यावर बसली आहे आणि सगळं घर कालवड पकडायलंय, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. ह्याला आमच्याकडं शास्त्र म्हणतात.

बॅग जीपमध्ये आली ती आ वासून. वर नारळ, त्याला टेकून पाण्याचा तांब्या.

परभणीच्या वाटेवरची बोरी गेली. झरी यायची होती. त्या रस्त्याची तेव्हा काय दशा होती ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. एका खड्ड्यात जीपचं चाक गेलं आणि बॅग आडवी झाली. चेन लावलेली असती तर आडवीच राहिली असती. पण तिचं तोंड उघडं होतं. आधी तांब्या ओतला, सगळं पाणी धोतरावर. मग नारळ घरंगळला, लसूण, ओवा, खिळा. आणि ह्या सगळ्याच्या मागून, नाटकात राजा शेवटी येतो तसं, पिवळं टोपडं बाहेर आलं आणि आत्याबाईंच्या पायाशी थांबलं.

त्यांनी ते उचललं. आत कापूस आहे का ते दाबून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"एक गिळलंस. पोट न्हाई भरलं तुव्हं?"

भास्करभाऊ म्हणाले, "काकू, राहू द्या की, पोरीच्या कळा—"

"तू गाडी हाण."

आणि त्यांनी काच खाली केली आणि टोपडं बाहेर टाकलं. मागोमाग दुपटंही. मी वळून बघितलं. धुक्यात एका बाभळीच्या झुडपावर पिवळा ठिपका अडकला, तेवढाच दिसला.

मी इथं मोठी शूर असल्यासारखं लिहायलेय, तर एक गोष्ट कबूल करते. टोपडं काचेबाहेर गेलं, तेव्हा माझ्या आत कुणीतरी सुटल्यासारखा श्वास टाकला. बरं झालं, आता तरी हे जगेल, असं वाटलं. सखूकाकू उंबऱ्यावर राहिल्या नव्हत्या. माझ्या डोक्यात बसून जीपमधून आल्या होत्या. त्या श्वासाची मला जेवढी शिसारी आहे तेवढी आत्याबाईंचीही नाही.

दवाखाना परभणीत. नाव सांगत नाही, सांगायला तक्रारही काही नाही. उलट तिथल्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. दुपार व्हायच्या आत मुलगी झाली. रडली. मी ते रडणं मोजत होते, थांबलं की माझा जीव थांबायचा. लहानखुरी होती, वजनाला कमी. गरम पेटी एकच होती आणि तिच्यात सातव्या महिन्यातलं एक लेकरू आधीच होतं. त्याला उठवा आणि माझ्या पोरीला ठेवा, असं कोण म्हणेल? सिस्टरनं पोर माझ्या छातीवर दिली आणि म्हणाली, "टोपडं द्या. दुपटं द्या. डोकं झाकलं पाहिजे, डोक्यातून सगळी ऊब जाते."

आत्याबाईंनी बॅग पुढं ओढली. बॅगेत नारळ होता, लसूण होता, खिळाही सापडला. धोतर पिळलं तर पाणी निघालं असतं.

"बाळाचं काहीच आणलं नाही?" सिस्टर म्हणाली.

"आमच्यात आणत न्हाईत," आत्याबाई म्हणाल्या. एवढ्या तोऱ्यात म्हणाल्या, जसं काही 'आमच्यात हुंडा घेत नाहीत'. शाल होती, ती माझ्याखाली खराब झाली होती. त्यांनी आपला पदर पुढं केला. पातळ सुती पदर, आणि त्याच्या आत त्या स्वतः थरथरत होत्या. पोरीची पावलं जांभळट दिसायला लागली होती. रडणंही बारीक झालं होतं.

शेजारच्या कॉटवर एक बाई होती. कविता तिचं नाव, ते मला मागून कळलं. सोनपेठकडून पाठवलेली. आदल्या दिवशी तिला मुलगा झाला होता. तिच्या उशाशी खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी होती आणि तिच्या तोंडाला सुतळीच्या दोन गाठी. एक नाही, दोन, पक्क्या आवळलेल्या. आणि तिचं लेकरू सुखरूप बाहेर येऊन, टोपडं-बिपडं घालून, म्हाताऱ्या सरपंचासारखं झोपलं होतं. माझी नजर त्या गाठींवरून हलेना.

कवितानं पिशवी मांडीवर घेतली. गाठ हातानं सुटेना, तेव्हा दातानं सोडली. आतून एक लोकरीचं लाल टोपडं आणि जाड दुपटं काढून सिस्टरपुढं धरलं. "घ्या ओ. मव्ह्याकडं दोन हायत."

सिस्टरनं हात पुढं केला, आणि आत्याबाई म्हणाल्या, "थांबा."

थांबा! आता नाडी बघायची वेळ, आणि ह्या म्हणतात थांबा. त्यांची नजर कविताच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यावर गेली होती. दोऱ्यात बुद्धाचं छोटं पदक होतं.

"कुठल्या तुमी?"

"सोनपेठकडच्या."

"सोनपेठ लय मोठं हाय. आडनाव काय म्हणले?"

कवितानं त्यांच्याकडं बघितलं. तिला हा प्रश्न नवीन नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. ती चिडलीही नाही. "आडनाव टोपड्याला लावलेलं न्हाई मावशी. लेकराला थंडी वाजायली, तेवढं बघा."

आणि मी? मी आत्याबाईंकडं बघत होते. माझ्या छातीवर माझी पोर गार पडायली आणि मी परवानगीची वाट बघायले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. फार नसेल. पण तेवढा वेळ मी त्यांच्याच बाजूला उभी होते, हे खरं आहे, आणि ते पुसायला माझ्याकडं काही नाही. मग पोरीनं एक आवाज केला, रडणं नव्हे, मांजराच्या पिलासारखा. आणि मी म्हणाले, "द्या ताई. द्या इकडं."

आत्याबाईंच्या आधी मी बोलले, असं ते पहिल्यांदाच झालं.

लाल टोपडं पोरीच्या भुवयांपर्यंत आलं. सिस्टरनं दुपट्यात तिला असं आवळून बांधलं, की सखूकाकूंना चक्कर आली असती. तासाभरानं तिची पावलं गुलाबी झाली. मी रडले. कविता म्हणाली, "रडू नका ओ, दूध आटतंय," आणि स्वतःच हसली, "म्हंजे असं मव्ही आई म्हणती, खरं-खोटं तिलाच ठाऊक."

दुसऱ्या दिवशी मी तपासायला आत असताना तिला सुट्टी झाली. परत आले तर कॉट रिकामी. फोन नंबर घेतला नव्हता, गावाचं नाव विचारलं नव्हतं. आडनाव तर तिनं सांगितलंच नाही. 'उपकार झाले' हे दोन शब्द माझ्या तोंडात राहिले ते राहिलेच. सोनपेठची एसटी दिसली की अजून मी खिडक्यांमधून बघते. येडेपणा आहे.

आता ऐका पुढची गंमत. घरी आलो. सगळी गल्ली पोर बघायला. सखूकाकूनं टोपड्याला बोट लावलं आणि भुवया वर नेल्या. आणि आत्याबाई, ज्यांनी आडनाव विचारून पोरीचा जीव टांगणीला लावला होता, त्या शांतपणे म्हणाल्या, "मागून घातलंय. पहिलं गेलंय न्हवं? मग दुसऱ्याला मागून आणलेलं घालावं लागतंय. लाभतंय ते."

"पाच घरचं मागावं लागतंय, अक्का."

"पाच घरचंच समज."

"कोणाचं हाय पण?"

"तुला काय करायचंय? लेकरू बघ."

एका दमात रीत उभी राहिली! फेकलेलं टोपडं नाही, खड्डा नाही, ओलं धोतर नाही, 'थांबा' नाही. पुढच्या थंडीत गल्लीतल्या दोघी-तिघी मला येऊन विचारायला लागल्या, मागून घालायचं ते कसं असतं? रीतीचा मला तेव्हापासून धाक वाटत नाही. ती कशी जन्माला येते ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. तिलाही कपडे नसतात, जो पहिला येईल तो तिला घालतो.

तर ती मागितलेल्या टोपड्याची पोर आता पहिलीत जाते. सकाळी शाळेत निघताना कानटोपी घालत नाही, ह्यावरून आमची रोज भांडणं होतात. मी फार भिते, तिला शिंक आली तरी भिते. ती म्हणते, "आई, तू येडी हायस का? उन्हं पडलीत." इथली पोर, इथलीच भाषा.

त्या वर्षापासून थंडी पडली की मी टोपडी शिवते. आता सुया माळ्यावर नसतात. कुणी बंदी उठवली नाही, कुणी विचारतही नाही. आपल्याकडं बंदी अशीच उठते, सांगायचं कुणीच नाही. गल्लीतल्या पोटुश्या पोरी हळूच येतात. "वहिनी, मव्ही बॅग भरून देता का?" मी भरून देते. वर नारळ, अंगारा, काय हवं ते, तळाला माझं गाठोडं. चेन मात्र उघडीच जाते. गाठोडं दिसू नये म्हणून मी त्याच्यावर धोतराची घट्ट घडी दाबते. एवढ्या वर्षांत मी एवढीच बंडखोरी केली. बाकी मोबाईलमधली बाई आणि सखूकाकू ह्या दोघींमध्ये मला आता फारसा फरक दिसत नाही. एकीला फोटोची काळजी, दुसरीला लोकांच्या बोलण्याची. मध्ये बाळंतीण उघडी ती उघडी.

काल रेखाची बॅग भरली. तीच बॅग, बोंडाची. बोंड उडून गेलंय, 'हमी' तेवढी राहिली आहे. रेखा बाजेवर बसून बघत होती.

"वहिनी, खाली काय घातलं ते मला दिसलं."

"मग तोंड बंद ठेव."

"आई बघंल."

"बघू दे."

म्हणाले खरी, पण धोतराची घडी आणखी दाबली. रेखाचं वजन कमी भरलंय, डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय, बाळ लहान असेल, उबेत ठेवा. आणि बाहेर थंडी अशी, की सकाळी गोठ्यातली बादली हाताला डसते. मी ठरवून टाकलं होतं, ह्या वेळेला गाठोडं बाहेर पडलं आणि कुणी त्याला हात लावला तर मी बोलणार. वाक्यं माझी तयार होती. सहा वर्षं भांडी घासताना घोटलेली वाक्यं. 'एक गिळलंस'चं उत्तर त्यात होतं, 'आडनाव काय'चंही होतं.

आत्याबाई आल्या. आता त्यांना गुडघ्यामुळं वाकायला होत नाही, तरी वाकल्या. नारळ बघितला. अंगाऱ्याची पुडी बघितली. मग हात धोतराच्या घडीखाली गेला आणि थांबला. तिथं कापूस भरलेलं टोपडं आहे हे बोटांना कळतंच. रेखानं मोबाईल उलटा ठेवला. मी पदर खोचला.

हात आत फिरला. चाचपला.

"दोन हायत?"

"दोन हायत."

"दोन कामून? जुळं सांगितलंय का डाक्टरनं?"

"न्हाई. एक शेजारच्या कॉटला."

हात तसाच आत. म्हाताऱ्या बाईचा हात असा बॅगेत अडकल्यासारखा बराच वेळ राहिला. मला वाटलं, आता बाहेर येईल तो मूठ भरून येईल. माझं पहिलं वाक्य ओठांवर आलं होतं.

हात रिकामा बाहेर आला. त्यांनी धोतराची घडी परत सारखी केली.

"चेन लाव," त्या म्हणाल्या.

"आँ?"

"चेन लाव म्हणलं. रस्ता लय खराब हाय. सांडंल काहीबाही."

रस्ता! झरीपर्यंतचा रस्ता मधे नवा झालाय, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. पण कुणावर तरी ढकलायला पाहिजे, तर रस्त्यावर ढकललं. स्वतःचं नाव काही तोंडातून आलं नाही. मला गहिवरून वगैरे आलं नाही. माझी सगळी घोटलेली वाक्यं फुकट गेली ह्याचाच राग आला, आणि तो अजून आहे.

मी चेन ओढली. अर्ध्यात अडकली. सहा वर्षांत ती कुणी ओढलीच नव्हती, दात गंजले होते. मी जोर लावला, रेखानं लावला. हलेना. आत्याबाई भिंतीला धरत आत गेल्या, कोनाड्यातून मेणबत्तीचं थोटूक घेऊन आल्या, लाईट गेल्यावर लावायचं. खाली बसल्या आणि चेनच्या एकेका दातावर ते घासत राहिल्या, सावकाश, लेकराच्या हिरड्यांना मध लावावा तसं.

"ओढ आता."

ओढली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

रेखा म्हणाली, "बघा वहिनी, यादीत मेणबत्ती होती का न्हाई?"

होती. सुगंधी नव्हती, एवढंच.